हॉस्पिटलच्या डक्टमधले फायर डँपर खरंच बंद होतात का, हे तपासायचं कसं?

प्लांटरूम_नाशिक

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा मोठी आहे पण वाचा, मला याच आठवड्यात काहीतरी ठरवायचंय. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फायर डँपर म्हणजे एसीचा डक्ट भिंत किंवा स्लॅब ओलांडतो तिथली झडप, आग लागली की बंद होऊन आग-धूर पलीकडे जाऊ न देणारी.

मी दीडशे बेडच्या एका हॉस्पिटलात मेंटेनन्सला आहे. एसी, जनरेटर, मेडिकल गॅस, लिफ्ट, पाणी, सगळं आम्हा चौघांच्या अंगावर. जुलैचा फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा सहामाही दाखला) द्यायचा होता म्हणून एजन्सीचा माणूस आला, पंप चालवून बघितला, हायड्रंट उघडला, एक्स्टिंग्विशरचे टॅग बघितले, हूटर वाजवला आणि फायर डँपरच्या रकान्यात "ओके" लिहून चहा पिऊन गेला. सीलिंगचं एक पॅनलसुद्धा उघडलं नाही. मी विचारलं तर म्हणाला अहो ते आत असतात, ते कोण बघतं.

मला ते काही डोक्यातून जाईना. दोन दिवसांनी रात्रपाळीला मी आणि आमचा एसी टेक्निशियन घोडा घेऊन तिसऱ्या मजल्यावर आयसीयूच्या बाहेरच्या पॅसेजमध्ये चढलो. डक्टचं इन्स्पेक्शन डोअर चार स्क्रूंचं, त्यातले दोन गंजून बसलेले, ते काढायलाच अर्धा तास गेला. आत टॉर्च मारला तर डँपरच्या पात्यांची घडी वर बांधलेली दिसली, त्यावर बोटभर धूळ, आणि जिथे फ्युजिबल लिंक (गरम झाली की सुटून डँपर बंद करणारी पट्टी) असायला हवी तिथे बाइंडिंग वायरचे तीन पीळ. म्हणजे खाली आग लागली, डक्टमध्ये शंभर-दोनशे अंश झाले तरी ती तार वितळणार नाही आणि तो डँपर जन्मात बंद होणार नाही. आणि त्या भिंतीच्या पलीकडे व्हेंटिलेटरवरचे पेशंट. खाली उतरल्यावर आम्ही दोघं पाच मिनिटं काही बोललोच नाही.

ड्रॉइंगवर एकूण ४६ डँपर आहेत. आत्तापर्यंत मला सापडलेत ३१. काही मोटरवाले आहेत, काही पडद्यासारखे लिंकवाले. आठवर इन्स्पेक्शन डोअरच नाही. विचारायचं हे की चालू हॉस्पिटलात ओटी, आयसीयू बंद न करता हे टेस्ट करायचे कसे, किती दिवसांनी करायचे आणि सुरुवात कुठून करायची? ॲडमिन मॅडम ऐकणाऱ्या आहेत, पण त्यांना सांगायला माझ्याकडे नीट प्लॅन पाहिजे.

डक्टवाला_पिंपरी

दादा, आधी ते तारेचं काम आज करा, बाकीचं नंतर वाचा. ७२ अंशाची लिंक स्वस्त असते, डँपरवरचं लेबल बघून त्याच तापमानाची आणि तेवढाच लोड पेलणारी आणा. दोन धातूच्या पट्ट्या आणि मध्ये सोल्डर, एवढीच ती वस्तू. कधीतरी सर्व्हिसला आलेल्या पोराच्या हातून तुटली असणार, नवीन नव्हती म्हणून तार बांधली असणार आणि नंतर सगळे विसरले. मी अठरा वर्षं डक्टचं काम करतोय, तार बघितलीये, केबल टाय बघितलाय, लाकडाची पाचर मारलेली बघितलीये, आणि रंगाऱ्याने स्प्रे मारताना लिंकवरही रंग चढवलेला बघितलाय. रंग बसलेली लिंक वेळेवर सुटेल याचा भरवसा नाही, तीही बदलायची.

आता टेस्ट. पडद्यावाल्याची टेस्ट म्हणजे लिंक काढून पडदा प्रत्यक्ष पाडून बघायचा. नुसता टॉर्च मारून "दिसतोय चांगला" याला टेस्ट म्हणत नाहीत. आधी एएचयू (डक्टमध्ये हवा सोडणारं एसीचं मशीन) बंद, पॅनलला टॅग, मग लिंक काढायची ती लांब हुकने. हात आत घालायचा नाही म्हणजे नाही, स्प्रिंगवाला पडदा झटक्यात येतो आणि पात्याची कड सुरीसारखी असते, माझ्या एका पोराची दोन बोटं थोडक्यात वाचलीयेत. पडदा खाली आला की तो टोकापर्यंत आलाय का, दोन्ही बाजूंच्या खाचेत बसलाय का, खालचं लॉक लागलंय का हे बघा. चार बोटं वर अडकला तर तो नापास, ढकलून खाली आणला आणि पास लिहिलं असं करायचं नाही. स्लॅबमध्ये आडवा बसवलेला असेल तर स्प्रिंग जास्तच नीट बघा, तिथे पडदा स्वतःच्या वजनाने बंद होत नाही, सगळं काम स्प्रिंगचं असतं. आणि लायटरने लिंक तापवून टेस्ट करणारे महाभाग असतात, हॉस्पिटलात ऑक्सिजनच्या लाइनी शेजारून गेलेल्या असतात, तसलं कोणाला करू देऊ नका.

खाच साफ करा पण तेल, ग्रीस मारू नका, त्याला धूळ चिकटते आणि सहा महिन्यांत पडदा पुन्हा जाम. कोरडं ल्युब्रिकंट मिळतं ते वापरा.

मोटरवाल्याचं वेगळं. त्यात स्प्रिंग रिटर्न ॲक्च्युएटर (पाती फिरवणारी मोटर) असतो, सप्लाय असेपर्यंत उघडा, सप्लाय गेला की स्प्रिंगने बंद. बंद व्हायला वीसेक सेकंद, परत उघडायला मिनिट-दोन मिनिटं. इथे फसवणूक अशी होते की ॲक्च्युएटर फिरतो, पॅनलवर "क्लोज्ड" येतं, पण शाफ्टवरचा क्लॅम्प सैल असल्यामुळे पाती जागची हललेलीच नसतात. म्हणून पॅनलवर एक माणूस आणि डँपरपाशी एक माणूस, फोन चालू ठेवून, आणि डँपरवाल्याने डोळ्यांनी पाती बघून सांगायचं. मी पॅनलच्या लाइटवर विश्वास ठेवत नाही.

अजून एक, सापडलेल्या ३१ मध्ये किती भिंतीच्या आत आहेत ते बघा. डँपर भिंतीच्या जाडीत बसलेला पाहिजे. भिंतीपासून दीड फूट लांब डक्टला नुसता लटकवला असेल तर आगीत मधला पत्रा वाकून गळतो आणि धूर डँपरला वळसा घालून पलीकडे जातो. स्लीव्हच्या (डँपरभोवतीच्या पत्र्याच्या चौकटीच्या) भोवतीची फटही बघा, साधा पीयू फोम किंवा पीओपी भरलेलं असेल तर ते काढून डँपरच्या कंपनीने सांगितलंय तसंच भरून घ्यावं लागेल.

ओटी_सिस्टर_मिरज

मी मेंटेनन्सची नाही, ओटीत एकवीस वर्षं आहे आणि आता इन्फेक्शन कंट्रोल बघते, पण हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमच्याकडे काही वर्षांपूर्वी अशीच तपासणी झाली, चांगल्या हेतूनेच झाली, पण आम्हाला कोणी सांगितलंच नाही. दुपारी दोन केसच्या मधल्या वेळात त्यांनी कॉरिडॉरमधला एक डँपर पाडला आणि डक्टमधली वर्षानुवर्षांची धूळ खालच्या ग्रिलमधून पांढऱ्या चादरीवर, स्क्रबच्या बेसिनवर, उघड्या ट्रॉलीवर येऊन पडली. पुढची केस रद्द. पेशंट सकाळपासून उपाशी, नातेवाईक चिडलेले, ते सगळं आमच्या तोंडावर. त्या दिवसापासून नियम केला की इन-चार्ज सिस्टरची सही असल्याशिवाय सीलिंगचं पॅनल उघडायचं नाही. ओटीसाठी रविवार, लिस्ट नसताना. खालच्या ग्रिलला आतून प्लास्टिक लावून टेपने बंद करायचं, ट्रॉल्या बाहेर, काम झालं की मावशींकडून ओलं पुसून घ्यायचं (कोरडा झाडू नाही), मग एएचयू चालू करून हवा नीट फिरू द्यायची आणि त्यानंतरच ओटी ताब्यात घ्यायची. आयसीयूत तर पेशंट हलवता येत नाहीत, तिथे सीलिंगखाली प्लास्टिकचा तंबू करून एकेका बेडच्या वरचं काम केलं, वेळ लागला पण झालं.

आणि याहून मोठी गोष्ट. टेस्ट केलेला डँपर परत उघडलाय का हे कोण बघतं? आमच्या आयसोलेशन रूमला दार उघडलं की हवा आत ओढली जायला पाहिजे. एका तपासणीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराच्या फटीशी टिश्यूचा तुकडा धरला, आमची रोजची सवय आहे, तर तो बाहेर उडायला लागला. म्हणजे एक्झॉस्टचा डँपर बंदच राहिला होता आणि सप्लाय चालू. आत उघड्या टीबीचा पेशंट, आणि ती हवा रात्रभर कॉरिडॉरमध्ये येत होती जिथे आमची पोरं बसून नोट्स लिहितात. मी पळत जाऊन मेंटेनन्सला फोन केला, दहा मिनिटांत उघडला, पण ती रात्र माझ्या मनातून अजून गेलेली नाही. म्हणून दादा, तुमच्या कागदावर "बंद झाला" या रकान्याशेजारी "परत उघडला, कोणी बघितलं, किती वाजता" असा रकाना ठेवाच, आणि तिथे वॉर्डच्या सिस्टरची सही घ्या, तुमची नको.

बंब_नंबर_सात

अग्निशमन सेवेतून निवृत्त आहे. सिस्टरबाईंनी फार महत्त्वाचं लिहिलंय.

लोकांच्या डोक्यात आग म्हणजे ज्वाळा. हॉस्पिटलात माणसं मरतात ती बहुतेक धुराने. कोलकात्याला ढाकुरियाच्या आमरी हॉस्पिटलात ९ डिसेंबर २०११ ला पहाटे आग लागली ती तळघरात, आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली ती वरच्या मजल्यांवर, अंथरुणात, गुदमरून. धूर शाफ्टमधून आणि एसीच्या डक्टमधून वर चढला, बिल्डिंग काचेने बंद, त्याला बाहेर पडायला वाट नाही. आपल्याकडे भंडाऱ्याला ९ जानेवारी २०२१ ला जिल्हा रुग्णालयात दहा बाळं गेली, त्यातलीही बरीचशी धुराने. ते उदाहरण डक्टसाठी देत नाहीये, धूर किती वेळ देतो ते कळावं म्हणून देतोय.

आता मुद्दा. फ्युजिबल लिंक ७२ अंशाला सुटते. पण जळत्या गादीचा, वायरचा धूर डक्टमधून शंभर फूट जाईपर्यंत थंड झालेला असतो, चाळीस-पन्नास अंशाचा. लिंकला काहीच कळत नाही, डँपर उघडाच, आणि विषारी धूर आरामात पलीकडच्या वॉर्डात. म्हणून नुसत्या लिंकवर अवलंबून राहायचं नाही, स्मोक डिटेक्टरने सिग्नल दिला की एएचयू ट्रिप झाला पाहिजे आणि त्या झोनचे मोटरवाले डँपर बंद झाले पाहिजेत. तुमची खरी परीक्षा ही आहे. वर्षातून एकदा तरी डिटेक्टरला टेस्टचा धूर देऊन शेवटपर्यंत बघा, पंखा थांबतो का, किती सेकंदांत, डँपर पूर्ण बंद होतात का. पंखा थांबला नाही आणि डँपर बंद झाले तर सप्लाय डक्ट फुगतो, रिटर्न आत चेपतो, आणि हवेच्या जोरामुळे लिंकवाले पडदे खाचेत अडकतात. काही डँपर चालू हवेत बंद व्हायला बनवलेले असतात, काही नसतात, लेबलवर लिहिलेलं असतं, तेही नोंदवून ठेवा.

आयसीयूचा पेशंट जिन्याने उतरवता येत नाही. आम्ही आधी त्याला बेडसकट त्याच मजल्यावर, फायर डोअरच्या पलीकडच्या भागात नेतो. ती पलीकडची बाजू धुरापासून वाचलेली असेल या भरवशावर सगळं चालतं. दार चांगलं आणि वरच्या डक्टमधला डँपर तारेने बांधलेला, तर पेशंटला आपण धुरातून काढून धुरातच नेऊन ठेवतो. तुम्ही सुरुवात कुठून करू विचारलंत, तर इथून करा, आयसीयू, एनआयसीयू (नवजात बाळांचा आयसीयू) आणि ओटी यांच्या भिंती ओलांडणारे डँपर आधी, मग उभे शाफ्ट, मग बाकीचे.

फॉर्म बी बद्दल. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलै, वर्षातून दोनदा, लायसन्सवाल्या एजन्सीने यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं लिहून द्यायचं असतं. न बघता "ओके" लिहिलेला कागद हॉस्पिटलला वाचवत नाही, मालक म्हणून जबाबदारी तुमच्याकडेच राहते. पुढच्या वेळी एजन्सीला सांगा, डँपर नंबरवार लिहा आणि माझ्यासमोर पाडून दाखवा.

लीड्सकर

मी इकडे इंग्लंडमध्ये हॉस्पिटल इस्टेट्सला (म्हणजे इमारत आणि मेंटेनन्स विभागात) काम करतो, मूळचा सातारचा. इकडे फायर डँपर दर वर्षी टेस्ट करतात, धूळ जास्त असेल तिथे त्याहून लवकर. अमेरिकेत बसवल्यावर एका वर्षाने पहिली टेस्ट, मग दर ४ वर्षांनी, हॉस्पिटलांना ६ वर्षांची सवलत, कारण चालू हॉस्पिटलात सीलिंग उघडणं किती कठीण आहे हे त्यांनाही माहितीये. पण आपल्याकडची धूळ, रस्त्याची कामं, फिल्टर वेळेवर न बदलणं हे सगळं बघता सहा वर्षांच्या नादी लागू नका. ४६ डँपर म्हणजे महिन्याला चार केले तरी वर्षात सगळे होतात आणि कुठलाही विभाग बंद ठेवावा लागत नाही. एकदम सगळे करायला गेलात तर दुसऱ्या वर्षी कोणी परवानगी देणार नाही.

प्रत्येकाला नंबर द्या, तोच नंबर डँपरवर, तोच सीलिंगच्या पॅनलवर खालून दिसेल असा छोटा स्टिकर, तोच ड्रॉइंगवर. प्रत्येकाचे दोन फोटो, बंद आणि परत उघडा, फोटोत नंबर दिसला पाहिजे. तीन वर्षांनी तुम्ही तिथे नसाल तेव्हा नवीन माणसाला शोधत फिरावं लागणार नाही. आणि जे १५ सापडत नाहीयेत ते "सापडले नाहीत" असंच लिहा, यादीतून काढू नका. कदाचित बसवलेच नसतील, मग भिंत उघडी आहे आणि ते सगळ्यात आधी ॲडमिनला लेखी कळायला पाहिजे.

प्लांटरूम_नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. तार काढली, नवीन लिंक बसवली, पडदा पाडून बघितला, पहिल्यांदा अर्ध्यात अडकला, खाच साफ केल्यावर तीन वेळा पूर्ण खाली आला.

एक गोष्ट आता कळली. चौथ्या मजल्यावरच्या सहा मोटरवाल्या डँपरना ॲक्च्युएटरच्या लिव्हरला बोल्ट घालून उघडे लॉक केलेत. आमच्या जुन्या इलेक्ट्रिशियन काकांना घरी जाऊन विचारलं, त्यांनी सरळ सांगितलं. लाइट गेली की जनरेटर घेईपर्यंतच्या दहा-पंधरा सेकंदात सगळे डँपर बंद व्हायला लागायचे, मग उघडायला दोन मिनिटं, तोपर्यंत एएचयू ट्रिप, ओटीतून सर्जनचा फोन. दिवसात चार वेळा लाइट जायची. शेवटी तेव्हाच्या साहेबांनी लॉक करायला सांगितलं. काकांना दोष देववत नाही. याला काय करायचं?

डक्टवाला_पिंपरी

हे सगळीकडे आहे दादा. डँपरच्या कंट्रोलचा सप्लाय साध्या लायटिंगच्या डिस्ट्रिब्यूशन बोर्डवरून दिलेला असतो, तो यूपीएसवर घ्या. ॲक्च्युएटरला लोड अगदी थोडा लागतो, तुमच्याकडे फायर पॅनल किंवा बीएमएसला (बिल्डिंगच्या कंट्रोल सिस्टीमला) यूपीएस असेलच, त्याच्या क्षमतेचा हिशोब करून घ्या. मग लाइट गेली तरी डँपर हलणार नाहीत, आणि फायरचा सिग्नल आला की रिले सप्लाय तोडेल आणि बंद होतील. स्प्रिंग रिटर्न मात्र तसंच ठेवा, यूपीएसही गेला तर बंद व्हायलाच पाहिजेत. बोल्ट काढायच्या आधी हे काम करा, नाहीतर पहिल्याच लोडशेडिंगला बोल्ट परत जागेवर जातील.

डॉक्टर_तालुका

आमचं वीस बेडचं नर्सिंग होम, सगळे स्प्लिट एसी, डक्ट नाहीत. म्हणजे आम्हाला हे काही लागू नाही ना?

बंब_नंबर_सात

डॉक्टरसाहेब, डँपर लागू नाहीत, धूर लागू आहे. स्प्लिटचे कॉपर पाइप, केबल, ऑक्सिजन लाइन भिंतीतून जाते तिथली भोकं हाताने चाचपून बघा, खालच्या मजल्यावरचा उजेड वर दिसत असेल तर धूरही येणार, तिथे फायर सीलंट भरून घ्या. टॉयलेटचा एक्झॉस्ट सगळ्या मजल्यांना एकाच शाफ्टमध्ये सोडलेला असेल तर तेही बघा. आणि एसीचं वायरिंग. विरारला एप्रिल २०२१ मध्ये आयसीयूत आग लागली तेव्हा सुरुवात एसीपासून झाल्याचंच सांगितलं गेलं होतं. रात्रंदिवस चालणारा एसी आणि त्याचा ढिला टॉप-प्लग, हे मी स्वतः कितीदा बघितलंय.

प्लांटरूम_नाशिक

तीन आठवड्यांनी लिहितोय. ॲडमिन मॅडमना तारेचा तो तुकडा टेबलवर ठेवून सगळं सांगितलं, त्यांनी त्याच दिवशी महिन्याला चार डँपरचं वेळापत्रक मंजूर केलं आणि आयसीयूचे चार लगेच, आठवड्याभरात करायला सांगितले. यूपीएसवरून वेगळी लाइन टाकून झाली, सहाही बोल्ट काढले, परवा दुपारी लाइट गेली तेव्हा मी मुद्दाम वर जाऊन उभा राहिलो, एकही डँपर हलला नाही.

रविवारी ओटी कॉरिडॉरचे तीन केले. ग्रिलला प्लास्टिक लावलं होतं तरी पहिला पाडल्यावर प्लास्टिकमध्ये मूठभर काळी धूळ जमली, सिस्टर शेजारीच उभ्या होत्या, त्यांनी ती बघून आमच्या मामांना लगेच दुसरं प्लास्टिक आणायला पाठवलं. दोन पास, एक नापास, त्याची स्प्रिंगच तुटलेली आहे, ऑर्डर दिलीये. ती येईपर्यंत त्या झोनच्या एएचयूचं डिटेक्टर इंटरलॉक (डिटेक्टर वाजला की एएचयू बंद होण्याची जोडणी) टेस्ट करून घेतलं आणि नर्सिंग स्टेशनला एएचयू बंद करायचं इमर्जन्सी बटण कुठलं ते तिन्ही पाळ्यांना दाखवलं. न सापडलेल्या १५ पैकी अकरा सापडले. उरलेले चार बसवलेलेच नाहीत, त्यातल्या दोन जागा एनआयसीयूच्या भिंतीत आहेत, डक्ट सरळ आरपार गेलाय. त्याचं कोटेशन मागवलंय आणि मॅडमना लेखी दिलंय, पोच घेतलीये.

सिस्टर मिरज, तुमचा रकाना घातलाय. रविवारी तिसरा डँपर उघडल्यावर आमच्या ओटीच्या सिस्टरांनी आधी दाराशी टिश्यू धरला, मग मॅग्नेहेलिकचा (हवेच्या दाबातला फरक दाखवणाऱ्या मीटरचा) काटा बघितला, मग घड्याळ बघून ४:४० लिहिलं आणि सही केली.